बाबांची छंदवही

आमच्या बाबांना नेमके किती छंद होते, याची मोजदाद आम्हां चार भावंडांना त्यांच्या हयातीत कधीच करता आली नाही. घड्याळे, रेडिओ, फोटो, पोस्टाची तिकिटे, व्हायोलिन, आंब्याची कलमे, मधमाशा आणि नाताळातला गोठा एवढी नावे तर कोणीही बोटांवर मोजली असती. पण याखेरीज अधूनमधून उगवून मावळलेले छंदही पुष्कळ होते. जुनी पुस्तके बांधणे हा एक. १९७२ च्या सुमाराचा कबुतरांचा उद्योग हा दुसरा. तो आईने एका पंधरवड्यात बंद पाडला. बाबा २०१६ साली, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, देवाघरी गेले. आई गतवर्षी गेली. त्यानंतर खानापूरचे घर आवरण्याचे काम आम्हांवर आले, आणि त्या आवराआवरीत कपाटाच्या तळाशी लाल कापडी पाठीची एक वही हाती लागली. तिच्याविषयी पुढे लिहूच. आधी बाबांविषयी.

बाबांचा जन्म १९३१ चा, बेळगाव जिल्ह्यातला. घरी कोंकणी, शाळेत मराठी, बाजारात कानडी आणि रेल्वेत इंग्रजी अशा चार भाषांत त्यांचे आयुष्य वाटले गेले होते. हिशेब मात्र ते मराठीत करीत आणि रागावत कोंकणीत. १९५१ साली ते तारबाबू म्हणून रेल्वेत लागले. जुनी मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे त्याच वर्षी दक्षिण रेल्वेत विलीन झाली होती. १९६६ मध्ये आमचा भाग दक्षिण मध्य रेल्वेकडे गेला. नावे बदलली तशी कोटाची पितळी बटणेही बदलली, आणि प्रत्येक नावाचे एक एक बटण बाबांनी एका लोझेंजच्या डबीत जपून ठेवले. (हाही छंदच म्हणावयाचा काय, याविषयी आमच्यात मतभेद आहेत.) तारबाबूचे पुढे ते असिस्टंट स्टेशन मास्तर झाले आणि मग सबंध मुलखाचे नुसते ‘मास्तर’. लोंढा, कॅसलरॉक, गुंजी, अळणावर या स्टेशनांच्या पलीकडे त्यांची बदली क्वचितच झाली. १९८९ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते निवृत्त झाले.

त्या वेळचा तो मीटरगेजचा एकेरी मार्ग ज्यांनी पाहिला नाही, त्यांना बाबांच्या नोकरीची कल्पना येणे कठीण. कॅसलरॉकहून कुळ्यापर्यंत सुमारे २६ किलोमीटरांचा घाट, सदतीस फुटांस एक फूट असा उतार, एकामागून एक बोगदे, आणि मध्ये दूधसागरचा धबधबा. अशा मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून धातूच्या गोळ्याची व्यवस्था असे. पुढच्या स्टेशनाने संमती दिल्याखेरीज यंत्रातून गोळा निघावयाचा नाही. एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा सुटावयाचा नाही. आणि गोळा हाती आल्याखेरीज ड्रायव्हरने गाडी हालवावयाची नाही. तो गोळा वेताच्या कड्याला लावलेल्या पिशवीत घालून चालत्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देताना बाबांना आम्ही शेकडो वेळा पाहिले आहे. पावसाळ्याच्या रात्री, हातात कंदील, डोक्यावर घोंगडी, आणि घाटातून चढून येणाऱ्या गाडीचा दूरवरून ऐकू येणारा धापा टाकणारा आवाज. एकदा आमच्या धाकटीने त्यांना विचारले की, एवढी रात्रपाळी करून आल्यावर झोपायचे सोडून तुम्ही घड्याळे काय उघडून बसता? तेव्हा ते म्हणाले, “बाये, स्टेशनात माझी चूक झाली तर माणसे मरतील. घड्याळात चूक झाली तर घड्याळ बंद पडेल. मला चूक करायला थोडी जागा नको का?”

त्यांच्या सगळ्या छंदांचे मूळ आम्हांला या उत्तरात दिसते.

घड्याळांचा छंद सर्वांत जुना. रेल्वेत रोज दुपारी चार वाजता सर्व स्टेशनांना तारेवरून वेळ मिळे, आणि त्या ठोक्याला मास्तरने आपले घड्याळ लावावयाचे असे. बाबांच्या मनावर त्या चारच्या ठोक्याचा असा काही संस्कार झाला होता, की निवृत्तीनंतरही चारला पाच मिनिटे असताना ते हातातले काम ठेवून भिंतीवरच्या घड्याळासमोर उभे राहत. लंबकाची दांडी उन्हाळ्यात तापून किंचित लांबते व घड्याळ मागे पडते, थंडीत आखडते व घड्याळ पुढे जाते, म्हणून लंबकाखालची चकती मार्चमध्ये अर्धा फेरा वर आणि नोव्हेंबरात अर्धा फेरा खाली, हे शास्त्र आम्हां चौघांनाही शाळेत जाण्यापूर्वी ठाऊक झाले होते. आसपासच्या पाच-सहा गावांतली बिघडलेली घड्याळे गार्डाच्या डब्यातून बाबांकडे येत आणि दुरुस्त होऊन त्याच वाटेने परत जात. कोणी चार आणे देई, कोणी पसाभर काजू देई, कोणी काहीच देत नसे. बाबांनी त्यावरून कोणाला कधी टोकल्याचे आम्हांला ठाऊक नाही. आई मात्र टोकत असे, पण ते बाबांना.

रेडिओची कथा आम्ही आईच्या तोंडून ऐकलेली आहे, कारण ती आमच्या जन्माच्या आधी सुरू होते. आईचे माहेर मडगावचे. १९५४ साली लग्न होऊन ती लोंढ्याला आली, तेव्हा माहेर म्हणजे दिवसभराचा गाडीचा प्रवास, याहून दूर नव्हते. पुढच्याच वर्षी, १९५५ च्या ऑगस्टमध्ये, गोव्याच्या हद्दीवर सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि सरहद्द बंद झाली. रूळ होते तिथेच राहिले, पण गाड्या कॅसलरॉकच्या पुढे जाईनात. बाबा ज्या मार्गावर नोकरी करीत होते, त्याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाला आईची आई होती, आणि मधल्या घाटातून सहा वर्षांहून अधिक काळ माणूस जाऊ शकत नव्हता. आईचे वडील त्या अवधीतच वारले. बातमी तिला कित्येक दिवसांनी कळली.

बाबांचा स्वभाव धीराचे चार शब्द बोलण्याचा नव्हता. त्यांनी बेळगावच्या छावणी भागातल्या जुन्या बाजारातून बॅटरीवर चालणारा व्हाल्वचा एक मोडका रेडिओ आणला. क्वार्टरच्या परसात दोन उंच बांबू रोवून त्यांवर तांब्याची तार ताणली, पोस्टातून रीतसर परवाना काढला, आणि रात्रपाळी नसेल त्या दिवशी कंदिलाच्या उजेडात महिनाभर ते त्या पेटीत डोके घालून बसले. आई सांगे की, तिला वाटले, नवऱ्याला माझे दुःख दिसत नाही. हा आपला खेळण्यात दंग. मग एके रात्री त्या पेटीतून पणजीचे ‘एमिसोरा द गोवा’ हे केंद्र लागले. आवाज समुद्राच्या लाटेसारखा वरखाली होत होता, मध्येच खरखर येत होती, पण गाणे कोंकणी होते. आई चुलीपुढून उठली ती हाताचे पीठ न धुताच बाहेर आली. त्यानंतर बाबांची रात्रपाळी नसलेल्या रात्री तो रेडिओ तिच्यासाठी ठरलेला. बॅटरी महाग असल्यामुळे रोज अर्धा तासच, पण अर्धा तास निश्चित. आई हे आम्हांला सांगताना दर वेळी एकच गोष्ट मुद्दाम सांगे की, गाणे लागल्यावर बाबा तिथे थांबले नाहीत; ते कंदील उचलून बाहेर तार नीट बसली आहे की नाही, ते पाहावयास गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

पोस्टाच्या तिकिटांचा नादही त्याच दिवसांतला. पोर्तुगीज हिंदुस्थानची तिकिटे पुढेमागे इतिहासजमा होणार, हे बाबांनी ओळखले होते. जुनी टांगा आणि रेइसच्या किमतीची, १९५९ पासूनची एस्कुदोची, राजांची, किल्ल्यांची, नकाशांची अशी तिकिटे त्यांनी ओळखीपाळखीच्या लोकांकडून एक एक करून मिळविली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि महिन्याअखेर तिथे भारताची तिकिटे सुरू झाली, तोवर त्यांचा अल्बम बराच भरला होता. १९५६ साली जन्मलेला आमचा थोरला भाऊ हा या छंदातला त्यांचा भागीदार. चिमट्याने तिकीट उचलावयाचे, बोटाने शिवावयाचे नाही, हा नियम त्याने आम्हां धाकट्यांवर फार कडकपणे लादला होता.

१९६२ साली वाट मोकळी झाली आणि आई सहा वर्षांनी माहेरी गेली. त्या भेटीविषयी तिने कधी फारसे सांगितले नाही, म्हणून आम्हीही लिहीत नाही. परत येताना मात्र बाबांच्या मांडीवर एक मातीची कुंडी होती आणि तीत मानकुराद आंब्याचे भेटकलम. आजीच्या अंगणातल्या झाडाचे ते कलम लोंढ्याच्या क्वार्टरच्या परसात लागले. आंबा हे काही दोन-तीन वर्षांत फळणारे पीक नव्हे, आणि रेल्वेच्या माणसाची बदली कधी येईल याचा नेम नाही. पहिला मोहोर आला त्याच वर्षी आमची बदली गुंजीला झाली. बाबांनी त्या झाडाच्या काड्या नेऊन गुंजीला दुसरे झाड केले. पुढे ते कोयकलम बांधावयास शिकले. तांबूस पानांचे कोवळे रोप कापून त्याच्या खुंटाला चीर द्यावयाची, तीत पाचरीसारखी तासलेली काडी बसवावयाची आणि वरून पट्टी घट्ट गुंडाळावयाची. जेथे बदली होई, तेथे आजीचे झाड जाई. “मास्तर, खाणार दुसरेच, मग लावता कशाला?” असे शेजारी विचारीत. बाबा म्हणत, “मला खायचा असता तर बाजारात मिळतो.” आम्हांला तरी त्या चार झाडांपैकी एकाचेच आंबे पोटभर खाण्यास मिळाले.

कॅमेरा आला तो १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात. बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक थ्री. एका रिळात बारा चौकोनी फोटो. बाराच असल्यामुळे एकेका फोटोपूर्वी एवढा विचार होई, की तोवर आमच्या चेहऱ्यावरचे हसू विरून जाई. फोटो धुण्याचे काम न्हाणीघरात, लाल कागद लावलेल्या कंदिलापाशी, रात्री चाले, आणि आईच्या दोन पितळी पराती त्या कामी कायमच्या गेल्या. सूर्य नेहमी फोटो काढणाराच्या पाठीशी हवा, हा नियम बाबा कटाक्षाने पाळीत. त्यामुळे संध्याकाळी काढलेल्या बहुतेक फोटोंत आम्ही चौघे ओळीने उभे आहोत आणि आमच्या पायांपाशी टोपी घातलेली एक लांब सावली पडलेली आहे. बाबा स्वतः ज्यांत दिसतात, असे फोटो आम्हांला सगळे मिळून सातच सापडले. सावलीचे साठांहून अधिक निघाले.

व्हायोलिनविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. ते देवळातल्या गायकवृंदात वाजवीत, सूर खरा लागे, बोटे थोडी जड होती. लॅटिन मिस्सा गेली आणि लोकभाषांतली गीते आली, तेव्हा जुन्या मंडळींपैकी काही हिरमुसले. बाबांनी मात्र नव्या गीतांची स्वरलिपी रात्री बसून स्वतः लिहून काढली. गोठ्याविषयी मात्र लिहिलेच पाहिजे. खानापूरची माती कुंभारकामाला प्रसिद्ध आहे. त्या मातीच्या मेंढ्या, मेंढपाळ, उंट बाबा आमच्याकडून करवून घेत आणि ज्याची मेंढी कुत्र्यासारखी दिसे, तिला मागल्या रांगेत पण मानाने उभी करीत. गोठ्याच्या मागे बाबांनी कागदी डोंगर उभारला होता, डोंगराला बोगदा होता, आणि त्या बोगद्यातून पत्र्याची एक आगगाडी किल्लीवर फिरत असे. एका वर्षी आमचे धर्मगुरू घरी आशीर्वाद देण्यास आले असता त्यांनी ती पाहून विचारले, “मास्तर, बेथलेहेमात रेल्वे कोठून आली?” बाबा म्हणाले, “फादर, तीन राजे फार लांबून आले होते. परतीची तरी सोय नको?” फादर मोठ्याने हसले, आणि पुढल्या वर्षापासून देवळातल्या गोठ्याला दिवे लावण्याचे काम बाबांकडे आले.

हे सारे आज लिहिताना गोड वाटते, पण सर्वच गोड नव्हते. १९७३ साली बाबांना हुबळीच्या कंट्रोल ऑफिसात बढतीची संधी आली होती. पगार वाढला असता, शहरात घर मिळाले असते. बाबांनी ती घेतली नाही. का घेतली नाही, ते त्यांनी आईलाही धड सांगितले नाही. “मला तिथे करमणार नाही” एवढेच. नातलगांत बोलणे झाले. आमच्या एका काकांनी तर सर्वांदेखत म्हटले की, झाडे आणि घड्याळे यांपायी या माणसाने पोरांचे नुकसान केले. थोरल्याला इंजिनियर व्हावयाचे होते. घर हुबळीत असते तर तिथल्या इंजिनियरिंग कॉलेजात घरी राहून शिकता आले असते. वसतिगृहाचा खर्च परवडणारा नव्हता. तो डिप्लोमा करून वयाच्या विसाव्या वर्षी नोकरीस लागला, आणि त्याच्या पगारावर आम्हां तिघांची पुढली शिक्षणे झाली. तो बाबांशी कधी उद्धट बोलला नाही. पण तिकिटांच्या अल्बमाला त्याने त्यानंतर हात लावला नाही. आणि दोनेक वर्षांनी अल्बमच दिसेनासा झाला. वाळवी लागली, असे बाबांनी सांगितले. आमच्या क्वार्टरात वाळवी होतीच, तेव्हा कोणी अधिक विचारले नाही.

आता वहीविषयी. वहीच्या पहिल्या पानावर बाबांच्या सुबक अक्षरात ‘छंदखाते’ असे लिहिले आहे आणि आत १९५५ पासून १९८९ पर्यंतचा जमाखर्च आहे. डाव्या पानावर जमा: घड्याळे, मध, फोटोच्या प्रती, कलमे. उजव्या पानावर खर्च: बॅटरी, रिळे, व्हायोलिनच्या तारा, लंबकाची स्प्रिंग, सरस, पत्रा. घरखर्चाचा एकही पैसा डाव्या पानावर नाही. ज्या वर्षी तूट आली, त्या वर्षी ‘स्टेशनातील चहा बंद’ अशी जमा दाखविली आहे आणि समोर महिन्याची रक्कम आहे. १९६५ मध्ये चहा सहा महिने बंद होता. बहुधा कॅमेऱ्यासाठी पैसे साठत असावेत. हे सर्व आम्ही जेवणाच्या टेबलाभोवती बसून वाचीत होतो व हसत होतो. ताई मोठ्याने वाचीत होती. १९७५ च्या पानावर ती थांबली, आणि तिने वही न बोलता थोरल्यापुढे केली. डाव्या पानावर होते: ‘तिकिटांचा अल्बम, रु. ३५०.’ उजव्या पानावर: ‘थोरल्याची फी, शेवटचे वर्ष, व ड्रॉइंगची पेटी, रु. ३५०.’

थोरला आज सत्तरीला टेकला आहे. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि ते पान पुन्हा वाचले. मग तो उठून परसात गेला. अर्ध्या तासाने आत आला तेव्हा चहा निवला होता. तो म्हणाला, “तरीसुद्धा हुबळीला जायला पाहिजे होते.” त्याचे ते मत अद्यापि कायम आहे आणि ते अगदीच चुकीचे आहे, असे आमच्यातल्या कोणालाही म्हणता येत नाही. ती वही मात्र त्याने कोणाला न विचारता आपल्या पिशवीत घातली.

मधमाशांचा छंद उशिराचा, पण निवृत्तीनंतर तोच सर्वांत मोठा झाला. खानापूरच्या घरामागे सातेरी माशांच्या नऊ पेट्या होत्या. जंगल जवळ, जांभूळ भरपूर, आणि सात-आठ वर्षांतून एकदा कारवी फुलली की पेट्यांत जागा पुरत नसे. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण हिंदुस्थानात सातेरी माशांवर थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूची साथ आली. बाबांना तेव्हा नाव ठाऊक नव्हते. त्यांना दिसले ते एवढेच की, वाढत्या अळ्या घरातल्या घरात मरताहेत आणि चिमट्याने उचलल्यास पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या लोंबताहेत. त्यांनी रोज पेट्या तपासून कागदावर आकडे लिहिले. पहिल्या पेटीत किती, दुसरीत किती. औषध नव्हते, दक्षिणेतल्या बहुतेक वसाहती त्या साथीत गेल्या, तशा काही महिन्यांत आमच्या नऊही पेट्या रिकाम्या झाल्या. आई सांगे की, साऱ्या आयुष्यात एवढे गप्प तिने त्यांना पाहिले नव्हते, बढतीच्या वेळीही नाही. त्यांनी पोळी जाळली, पेट्या धुऊन उन्हात वाळविल्या आणि पडवीत एकावर एक रचून ठेवल्या. विकल्या नाहीत. तीन वर्षांनी एके सकाळी सर्वांत वरच्या पेटीत एक थवा आपण होऊन येऊन बसला. बाबांनी त्या पेटीचा मध दोन वर्षे काढला नाही. विचारले की म्हणत, “राहू दे. त्यांचे संसार सावरताहेत.”

२०१४ साली बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजत सर्व होते. डाव्या हाताने लिहिता येत नसे. पहिले काही आठवडे फार वाईट गेले, कारण त्यांना काहीतरी सांगावयाचे असे आणि आम्ही पाणी, उशी, पंखा अशी एकामागून एक नावे घेत बसलो की ते डोळे मिटून घेत. एके रविवारी ताई त्यांच्याजवळ बसली असता ते डाव्या हाताच्या बोटाने खाटेच्या कडेवर ठोके देऊ लागले. लांब, आखूड, लांब. थोडे थांबून एक आखूड. मग पुन्हा लांब, आखूड, लांब, लांब. लहानपणी जेवताना चमच्याने ताटावर ठोके देऊन त्यांनी आम्हांला तारेची भाषा शिकविली होती. आम्ही तिघे ती विसरलो होतो, ताईला मात्र आठवत होती. तिने अक्षरे जुळविली: के, ई, वाय. किल्ली. दर रविवारी भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यावयाची असे आणि त्या गडबडीत तीन रविवार कोणी दिली नव्हती. घड्याळ बंद पडले होते. ताईने उठून किल्ली दिली आणि चारच्या ठोक्याला काटे लावले. त्यानंतरची दोन वर्षे त्यांचे बोलणे त्या बोटाने चाले. आईने ऐंशीव्या वर्षी तारेची भाषा शिकून घेतली. रात्री त्यांच्या खोलीतून ठोक्यांचा आवाज येई, एक जड आणि एक हलका, बराच वेळ. ते काय बोलत असत, ते ताईलाही कळत असे, पण ती उठून दार लोटून घेई.

घर आता रिकामे झाले आहे. भिंतीवरचे घड्याळ ताईकडे गेले. व्हायोलिन गायकवृंदातल्या एका मुलाला दिले आहे. पेट्या शेजारच्या तरुणाने घेतल्या. दोहोंत माश्या आहेत. कॅमेरा धाकटीच्या नातवाकडे आहे, आणि त्याला रीळ मिळावे म्हणून तिची खटपट चालली आहे.

एक गोष्ट मात्र राहिली आहे, आणि तिच्यासाठी वाचकांचे साहाय्य हवे. बाबांच्या कपाटात लोकांची अकरा घड्याळे निघाली. झटक्यापूर्वी दुरुस्तीस आलेली, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. त्यांपैकी आठ मालकांना किंवा त्यांच्या मुलांना पोहोचती केली. तीन उरली आहेत. एक गोल तबकडीचे गजराचे घड्याळ, काच तडकलेली. चिठ्ठीवर ‘गुंजी, आजीबाई, पैसे घेऊ नयेत’ असे आहे. दुसरे भिंतीवरचे, आठ दिवसांच्या किल्लीचे, लाकडी पेटीचे. चिठ्ठीवर ‘शाळा’ एवढेच लिहिले आहे. तिसरे हातातले, बायकी, पट्ट्याशिवाय. त्याची चिठ्ठी वाचता येत नाही. तिन्ही चालू आहेत. ती आम्ही धर्मगुरूंच्या कचेरीत ठेवली आहेत. ज्यांची असतील त्यांनी रविवारच्या मिस्सेनंतर ओळख पटवून घेऊन जावीत. भिंतीवरच्याला रविवारीच किल्ली द्यावी.